गुन्ह्याची बातमी आणि गुन्ह्याचा आकडा: गोव्यातील मराठी संपादकांना खुले पत्र

प्रति,
गोव्यातील मराठी दैनिके, वृत्तवाहिन्या आणि संकेतस्थळांचे संपादक

सन्माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

मी फोंडा तालुक्यातल्या एका उच्च माध्यमिक विद्यालयात गणित आणि संख्याशास्त्र शिकवते. अलीकडे पालकसभेत एक मागणी पुन्हा पुन्हा येते: संध्याकाळचे जादा तास बंद करा, मुलींना काळोख पडायच्या आत घरी सोडा. बोरी, शिरोडा, मडकई, सावईवेरे इथून येणाऱ्या मुली सातच्या बसने जातात, ते पालकांना नको आहे. कारण विचारले की एकच उत्तर मिळते. ‘टीचर, तुम्ही पेपर वाचत नाही का?’

वाचते. रोज आणि नीट वाचते. म्हणूनच हे पत्र पोलिसांना किंवा गृहखात्याला न लिहिता तुम्हाला लिहिते आहे.

लोक घाबरले आहेत, त्याला कारणे आहेत. २०२५ साली दोनापावल आणि म्हापसा इथे दरोडेखोर घरात शिरले, माणसांना बांधून घालून लुटून गेले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये करंजाळ्यात एका सामाजिक कार्यकर्त्याला भर दिवसा मारहाण झाली. या बातम्या पहिल्या पानावर यायलाच हव्या होत्या आणि त्या आणल्याबद्दल मी तुमची ऋणी आहे. माझे म्हणणे वेगळे आहे. वर्षभर तुमचा पेपर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचणाऱ्या माणसाला एवढे तरी सांगता आले पाहिजे, की गोव्यात हिंसाचार वाढतो आहे की कमी होतो आहे, आणि तो होतो कुठे, कोणाकडून, कोणावर. आज ते त्याला सांगता येत नाही. घटना त्याला तोंडपाठ असतात, प्रमाण ठाऊक नसते. प्रमाण ठाऊक नसले की माणूस नको तिथे घाबरतो आणि जिथे सावध राहायला हवे तिथे निर्धास्त राहतो.

अकरावीच्या वर्गात मी एक साधा प्रश्न विचारते. तीस वर्षांपूर्वी देशात जितके खून होत होते, त्यापेक्षा आज जास्त होतात की कमी? ‘जास्त’ म्हणून सगळे हात वर जातात. मग मी फळ्यावर दोन आकडे लिहिते. एनसीआरबीच्या, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे १९९२ साली देशात खुनाचे ४०,१०५ गुन्हे नोंदले गेले. २०२३ साली २७,७२१. या काळात देशाची लोकसंख्या सुमारे ८७ कोटींवरून १४० कोटींच्या घरात गेली. लाख लोकांमागे साडेचारच्या वर असलेले प्रमाण दोनवर आले. मुले गप्प होतात, काहींना हे पटत नाही. एका मुलाने विचारले, ‘मग टीव्हीवर रोज कुठून येतात?’ मला हा प्रश्न फार महत्त्वाचा वाटला. देशभरात दिवसाला पंच्याहत्तरच्या आसपास खून होतात. त्यातले सर्वांत क्रूर दोन-तीन रोज निवडायचे ठरवले तरी वाहिनीला वर्षभर कधी तुटवडा पडणार नाही. खून निम्मे झाले तरी पडणार नाही. बातम्यांची संख्या पाहून गुन्ह्यांची संख्या ओळखता येत नाही, ती यामुळे.

हे आपल्याकडेच घडते असे नाही. अमेरिकेत १९९३ नंतरच्या तीस वर्षांत हिंसक गुन्ह्यांचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. तरीही तिथल्या जनमत चाचण्यांत बहुतेक वर्षी निम्म्याहून अधिक लोक ‘गेल्या वर्षापेक्षा गुन्हे वाढले’ असेच सांगत आले. आणि हेच लोक स्वतःच्या वस्तीबद्दल विचारले की कमी काळजी दाखवतात. वस्ती त्यांनी डोळ्यांनी पाहिलेली असते, देश बातम्यांतून.

आता गोव्याकडे येते. आपल्या राज्यात वर्षभरात होणाऱ्या खुनांचा आकडा दोन आकडी असतो. रस्त्यावर मरणाऱ्यांचा आकडा तीन आकडी असतो: २०२२ साली २७१ आणि २०२३ साली २९० माणसे गोव्याच्या रस्त्यांवर गेली. यात मोठ्या संख्येने दुचाकीवरची तरुण मुले असतात, कोणाच्या तरी वर्गातली. डिसेंबर २०२५ मध्ये हडफडे इथल्या एका नाइट क्लबला आग लागून एका रात्रीत २५ माणसे मेली. त्यांच्या मृत्यूला जबाबदार माणसे आहेत, नियम मोडले गेले आहेत, पण खुनाच्या रकान्यात त्यातला एकही मृत्यू जाणार नाही. मुलगी सातच्या बसने येते म्हणून ज्या पालकाला झोप लागत नाही, तोच पालक तिच्या सोळा वर्षांच्या भावाला परवाना नसताना स्कूटर देतो, हेल्मेटशिवाय. त्या पालकाला मी दोष देत नाही. खुनाच्या बातमीला पाच दिवस पाठपुरावा आणि अपघाताच्या बातमीला आतल्या पानावर चार ओळी, हे वर्षानुवर्षे वाचून त्याचे काळजीचे माप तसे झाले आहे.

छोट्या राज्याचा आणखी एक घोळ आहे. आकडे लहान असले की टक्केवारी उसळ्या मारते. समजा एका वर्षी ३० खून झाले आणि पुढच्या वर्षी ४०. मथळा होतो, ‘खुनांत ३३ टक्के वाढ’. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा ३० झाले तर पोलीस पत्रकार परिषदेत सांगतात, ‘खुनांत २५ टक्के घट’. दोन्ही विधाने बरोबर आहेत आणि दोन्हींतून वाचकाला काहीच कळत नाही. एखाद्या कुटुंबातला वाद किंवा दोन टोळ्यांतले एक भांडण एवढ्यानेही गोव्याची टक्केवारी हलते. दहा वर्षांचे आकडे एका ओळीत दिले तर शाळकरी मुलालाही समजेल की चढ-उतार किती आणि खरी वाढ किती.

‘दर लाख लोकसंख्येमागे’ काढलेल्या प्रमाणाबद्दलही थोडे सांगायला हवे, कारण अहवाल आला की गोव्याचा क्रमांक कितवा ही बातमी हमखास होते. भागायचे ज्या संख्येने, ती संख्याच डळमळीत आहे. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४,५८,५४५ होती. २०२१ ची जनगणना झाली नाही, त्यामुळे पुढचे सगळे हिशेब अंदाजावर चालतात. शिवाय २०२४ साली एक कोटीहून अधिक पर्यटक गोव्यात येऊन गेले. कळंगुटच्या किनाऱ्यावर एका पर्यटकाने दुसऱ्या पर्यटकाला भोसकले तर गुन्हा गोव्याच्या खात्यात पडतो, पण त्या दोघांपैकी एकही ज्या संख्येने भागतात तिच्यात नसतो. बांधकामावर येणाऱ्या हजारो मजुरांचेही असेच. मोठ्या राज्याशी गोव्याची अशी तुलना करणे मला धोक्याचे वाटते, मग निष्कर्ष गोव्याच्या बाजूने निघो वा विरुद्ध.

पण मला सर्वांत जास्त लिहायचे आहे ते आकडा तयार कसा होतो याबद्दल. एनसीआरबीच्या अहवालात गुन्हे मोजलेले नसतात, नोंदलेले गुन्हे मोजलेले असतात. अहवाल स्वतःच बजावतो की गुन्ह्यांत वाढ आणि गुन्ह्यांच्या नोंदणीत वाढ या दोन निराळ्या गोष्टी आहेत. एका एफआयआरमध्ये अनेक गुन्हे असले तर त्यातला सर्वांत गंभीर तेवढा मोजला जातो. बलात्कार करून खून केला तर आकडा खुनात वाढतो. हे लक्षात न घेता रकाने वाचले की फसायला होते.

‘अपहरण’ या रकान्याचे उदाहरण घ्या. अल्पवयीन मुलांच्या अपहरणाचा आकडा छापून आला की आमच्या शाळेच्या पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर हलकल्लोळ होतो. मे २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की मूल बेपत्ता असल्याची तक्रार आली की अपहरण झाले असे गृहीत धरून एफआयआर नोंदवायचा. आदेश अगदी योग्य होता, त्याआधी अशी तक्रार नुसत्या डायरीत पडून राहायची. पण त्याचा परिणाम असा की निकाल वाईट लागला म्हणून बेळगावच्या मावशीकडे निघून गेलेला मुलगा, घरच्यांना नको असलेल्या मुलाबरोबर गेलेली सतरा वर्षांची मुलगी, आईबापांच्या भांडणात एकाने दुसऱ्याला न सांगता नेलेले मूल, हे सगळे त्याच एका रकान्यात येतात. यातल्या प्रत्येक मुलाची काळजी करायलाच हवी. मात्र ‘अमुक मुलांचे अपहरण’ असे वाचल्यावर वाचकाच्या डोळ्यांसमोर पांढरी व्हॅन येते. किती मुले परत आली, किती दिवसांत, कुठून, हे पुढचे वाक्य बातमीत नसते.

अशा अर्धवट माहितीची किंमत महाराष्ट्राने मोजली आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात पाच माणसांना जमावाने ठेचून मारले. भिक्षा मागत फिरणाऱ्या डवरी गोसावी समाजातली ती माणसे होती. मुले पळवणारी टोळी फिरते आहे अशी अफवा मोबाइलवर पसरली होती. आपल्याकडेही अशी ध्वनिफीत अधूनमधून फिरते, गावाचे नाव तेवढे बदललेले असते. ती खोटी असल्याचे तुम्ही छापता, हे मी पाहिले आहे. ते छापण्याबरोबर त्या रकान्याचा अर्थही लोकांना सांगा, म्हणजे पुढच्या अफवेला विश्वास ठेवणारे कमी भेटतील.

उलट काही वेळा आकडा वाढणे ही चांगली खूण असते. २०१२ साली देशात बलात्काराचे २४,९२३ गुन्हे नोंदले गेले, २०१३ साली ३३,७०७. एका वर्षात सुमारे ३५ टक्के वाढ. मधल्या काळात दिल्लीतील डिसेंबर २०१२ ची सामूहिक बलात्काराची घटना, देशभरची निदर्शने, कायद्यातली दुरुस्ती आणि दखलपात्र (म्हणजे पोलिसांनी स्वतःहून तपास करायच्या गंभीर) गुन्ह्याची तक्रार आली की एफआयआर नोंदवलाच पाहिजे हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल असे सगळे घडले. पुरुष एका वर्षात ३५ टक्के अधिक क्रूर झाले असे कोणी मानणार नाही. ज्या बाया आधी पोलीस स्थानकाच्या पायरीवरून परत जात होत्या किंवा पायरीपर्यंतही येत नव्हत्या, त्या बोलू लागल्या.

म्हणून ‘महिलांवरील गुन्ह्यांत वाढ, पोलीस अपयशी’ असा मथळा वाचला की मला तुमच्याशी भांडावेसे वाटते. या मथळ्याचा पोलीस स्थानकात काय परिणाम होतो याचा विचार करा. निरीक्षकाची बदली, बढती, अब्रू आकड्यावर ठरू लागली की आकडा खाली आणण्याचा सर्वांत सोपा रस्ता म्हणजे तक्रार न घेणे. ‘घरचे भांडण आहे, मिटवून घ्या.’ ‘अर्ज देऊन ठेवा, बघू.’ दखलपात्र गुन्हा अदखलपात्र म्हणून लिहायचा. कमी आकड्याला शाबासकी आणि जास्त आकड्याला दंडुका, असे आपण वाचकांनी आणि संपादकांनी मिळून ठरवले तर पोलीस आपल्याला कमी आकडाच देतील. पीडित बाई मात्र तशीच परत जाईल.

माझ्याच तालुक्यातली गोष्ट आहे, तुम्हाला ती माझ्यापेक्षा अधिक तपशिलाने माहीत असेल. २००९ साली शिरोड्याच्या एका माणसाला अटक झाली आणि १९९४ पासूनचे तरुणींचे १६ खून त्याच्यावर दाखल झाले. पेपरांनी त्याला ‘दुपट्टा किलर’ म्हटले. काही खटल्यांत त्याला शिक्षा झाली, अनेकांत पुराव्याअभावी तो सुटला. लग्नाचे वचन द्यायचे, दागिने घालून यायला सांगायचे, एकांतात नेऊन दुपट्ट्याने गळा आवळायचा. तो कुठल्या दुसऱ्या राज्यातून आलेला नव्हता. गावातला रिक्षावाला होता, ओळखीचा, बायको-मूल असलेला. आणि त्या मुली? गरीब घरातल्या, हुंडा देण्याची ऐपत नसलेल्या, वय वाढत चाललेल्या. कोणी बेपत्ता म्हणून नोंदली गेली, कोणाचा मृतदेह ओळख न पटता राहिला, कोणाच्या घरच्यांना ‘पळून गेली असेल’ असे ऐकून परत यावे लागले, आणि काही घरांनी लाजेपोटी तोंडच उघडले नाही. पंधरा वर्षे हे चालले. त्या पंधरा वर्षांतल्या गोव्याच्या खुनांच्या आकड्यांत यातल्या अनेक मुली खून झालेल्या म्हणून नव्हत्या. तेव्हा कोणी आकडेवारी दाखवून ‘फोंडा तालुका सुरक्षित आहे’ म्हटले असते, तर कागदावर ते बरोबर ठरले असते.

आकडे विसरा आणि पोटातून येणाऱ्या भीतीवर चाला, असे मला यावरून म्हणायचे नाही. त्या काळची भीतीही चुकीचीच होती. मुलींना ‘अनोळखी माणसाशी बोलू नको’ असे सांगितले जात होते. लग्नाची बोलणी करणाऱ्या ओळखीच्या माणसाबद्दल कोणी काही सांगत नव्हते.

आजही सांगत नाहीत. देशात नोंदल्या जाणाऱ्या बलात्कारांच्या दर शंभर गुन्ह्यांत पंच्याण्णवांहून अधिक गुन्ह्यांतला आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो: नातेवाईक, शेजारी, मित्र, मालक, लग्नाचे वचन दिलेला. महिलांवरील गुन्ह्यांत सर्वांत मोठा वाटा नवरा आणि सासरच्यांकडून होणाऱ्या छळाचा, २०२२ साली सुमारे ३१ टक्के. तोही फक्त नोंदलेला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विवाहित स्त्रियांना घरोघरी जाऊन विचारले गेले. देशात साधारण २९ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचे सांगितले. गोव्यात हा आकडा ८ टक्क्यांच्या आसपास होता. गोव्याचे प्रमाण कमी आहे याचे समाधान मानायला हरकत नाही, तरी लग्न झालेल्या दर बारा-तेरा स्त्रियांमागे एक, असा त्याचा अर्थ होतो. तुमच्या वाड्यावरची घरे डोळ्यांसमोर आणून पाहा. हिंसा सोसलेल्यांपैकी देशभरात फक्त १४ टक्के स्त्रियांनी कोणाकडे तरी मदत मागितली. पोलिसांकडे पोचणाऱ्या त्याहून खूप कमी.

मुलीला संध्याकाळच्या बसमधून काढून घरात बसवल्याने तिचे रक्षण होते असे मानणाऱ्या पालकाला मी हे आकडे दाखवते. काही घरांत ते खरे आहे. काही घरांत मुलगी माझ्या वर्गात असते तेवढेच तिचे सुखाचे तास असतात. शिक्षिकेला हे कळते, सगळे सांगता येत नाही. रात्री जत्रेतले नाटक पाहून बायका-मुली जथ्याने चालत घरी येतात, हे गोव्यातल्या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहे. ही मोकळीक कुठल्याही कायद्याने न घालवता नुसत्या मथळ्यांच्या वाचनाने हळूहळू जाते आहे आणि तिची कोणी नोंद ठेवत नाही.

आता परप्रांतीयांविषयी. १ मे २०२३ रोजी, कामगार दिनाच्या कार्यक्रमात, मुख्यमंत्री प्रमोद सावंत म्हणाले की गोव्यातील सुमारे ९० टक्के गुन्हे बिहार, उत्तर प्रदेशासारख्या राज्यांतून आलेले मजूर करतात. बातमी सगळ्यांनी छापली. त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी, ९० टक्के हे कशाचे, अटकेचे, आरोपपत्रांचे की सिद्ध झालेल्या गुन्ह्यांचे, हा प्रश्न बातमीच्या शेजारी मला दिसायला हवा होता. एनसीआरबीच्या गुन्ह्यांच्या अहवालात आरोपी मूळचा कोणत्या राज्याचा हे सांगणारा तक्ता नाही. तुरुंगांच्या अहवालात कैद्यांचे मूळ राज्य दिलेले असते, पण कच्चे कैदी, म्हणजे खटल्याचा निकाल लागायच्या आधीच तुरुंगात असलेले, कोण असतात हे आपल्याला ठाऊक आहे. गोव्यात घर असलेल्या, जामीनदार मिळणाऱ्या, वकील परवडणाऱ्या आरोपीला लवकर जामीन मिळतो. ज्याचा इथे पत्ताच नाही तो त्याच कलमाखाली कोलवाळच्या तुरुंगात महिनोन्‌महिने राहतो. तुरुंगातली माणसे मोजली तर दुसराच जास्त भरणार.

शिवाय संख्याशास्त्राचा अगदी पहिल्या धड्यातला नियम इथे विसरला जातो: तुलना सारख्याची सारख्याशी करायची. जगात कुठेही मारामारी, भोसकाभोसकी, खून यांत तरुण पुरुषांचा वाटा सर्वांत मोठा असतो. बांधकामावर आणि हॉटेलांत कामाला येतात ते बहुतेक तरुण पुरुषच, म्हातारे आईबाप आणि पोरेबाळे गावी ठेवून. त्यांच्यातल्या गुन्ह्यांचे प्रमाण आपल्या संपूर्ण समाजाशी, आपल्या आजी-आजोबांना आणि शाळकरी मुलांना धरून, ताडून पाहिले तर ते जास्तच दिसेल. विशीतल्या गोंयकार पुरुषांशी ताडून पाहिले पाहिजे. तसा हिशेब करून कोणी सिद्ध केले की मजुरांमधले प्रमाण खरोखर अधिक आहे, तर मी ते मान्य करेन आणि वर्गात शिकवेन. अजून तरी तसा हिशेब कोणी मांडलेला माझ्या पाहण्यात नाही, आणि अंदाजावर मोतीडोंगर, झुआरीनगर, चिंबलचे इंदिरानगर या वस्त्यांची नावे गुन्ह्याशी कायमची जोडली गेली आहेत. तिथून येणारी मुलेही आमच्यासारख्यांच्या वर्गात बसतात. पत्ता सांगताना त्यांचा आवाज खाली येतो.

आरोपी बाहेरचा असला की मथळ्यात राज्य येते. स्थानिक असला की ‘युवक’, ‘इसम’, ‘एकजण’. ही सवय सोडा अशी माझी कळकळीची विनंती आहे. तपासासाठी वर्णन लागत असेल तेव्हा जरूर द्या. एरवी एकच नियम सगळ्यांना लावा. आपल्या गोव्याची माणसे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला गेली, आखातात गेली, आता पोर्तुगालच्या पासपोर्टवर इंग्लंडला जातात. तिथल्या पेपरांनी आपल्या एका मुलाच्या गुन्ह्याला ‘गोवेकर’ असे नाव लावले तर आपल्या जिवाला काय वाटेल?

यावर मला ठाऊक असलेला आक्षेप असा: पेपर चालवणाऱ्याला वेळ कुठे, मनुष्यबळ कुठे, आणि रात्री अकराला पान सोडायचे असते तेव्हा दहा वर्षांचे आकडे कोण शोधणार? अडचण खरी आहे. एनसीआरबीचा २०२३ चा अहवाल प्रसिद्ध व्हायला सप्टेंबर २०२५ उजाडला. पण गोव्यासारख्या छोट्या राज्यात तेवढ्यावर थांबावे लागत नाही. विधानसभेत प्रत्येक अधिवेशनात आमदार गुन्ह्यांवर प्रश्न विचारतात आणि तालुक्यांनुसार, पोलीस स्थानकांनुसार लेखी उत्तरे मिळतात. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला आहे की संवेदनशील प्रकरणे वगळता एफआयआर चोवीस तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकायचे. उत्तरांतला एखादा झणझणीत आकडा उचलून बातमी होते आणि बाकीचा तक्ता रद्दीत जातो. तो तक्ताच जपून ठेवा.

आणि खटल्याच्या शेवटापर्यंत जा. अटकेची बातमी फोटोसह येते, चेहऱ्यावर काळा बुरखा चढवलेला आरोपी आणि त्याच्या मागे रांगेत उभे पोलीस. तीन वर्षांनी सत्र न्यायालयात तो सुटला तर दोन ओळीही येत नाहीत, शिक्षा झाली तरी फारशा येत नाहीत. त्यामुळे वाचकाला वाटते की गुन्हे होतात आणि कोणालाच काही होत नाही, किंवा उलट, पकडला म्हणजे तोच होता. गोव्यात वर्षाला होणारे खून दोन आकडी आहेत. एका दैनिकाला प्रत्येक खुनाचा खटला शेवटपर्यंत नोंदवून ठेवणे अशक्य नाही. आपल्या आकाराच्या राज्यातच ते शक्य आहे. उत्तर प्रदेशातल्या संपादकाला हे जमणार नाही, तुम्हाला जमेल.

जानेवारीत पोलीस मुख्यालयातून गेल्या वर्षाचे आकडे येतात. येत्या जानेवारीत टक्केवारीच्या मथळ्याऐवजी अर्धे पान द्या. त्यावर खून, बलात्कार, दरोडा, जबरी चोरी, घरगुती छळ, बेपत्ता मुले आणि रस्त्यावरचे मृत्यू यांचे दहा वर्षांचे आकडे छापा. प्रत्येकाच्या शेजारी किती प्रकरणांत आरोपी ओळखीचा होता आणि किती खटल्यांचा निकाल लागला ते द्या. मुलांच्या रकान्यात किती परत आली ते द्या. आकडे मिळाले नाहीत तर तो चौकोन कोरा ठेवून ‘पोलिसांनी दिले नाहीत’ असे त्यात लिहा. रकाने जमवायला, ताळे करायला, आलेख काढायला माणसे कमी पडत असतील तर आमचे अकरावी-बारावीचे संख्याशास्त्राचे विद्यार्थी तयार आहेत. त्यांना प्रकल्पाला विषय हवाच असतो. मी स्वतः प्रत्येक आकडा तपासून देईन. फक्त तक्ते वेळेवर आमच्या हाती द्या, डिसेंबरच्या सुट्टीआधी दिलेत तर फार बरे होईल.

आपली विश्वासू,
फोंडा तालुक्यातील एक शिक्षिका